वाटीची फेरतपासणी

कोल्हापुरात रागीट माणसांचा तुटवडा कधीच नव्हता. इथं कुणी प्रेमानं जेवायला बोलावलं तरी परगावच्या माणसाला वाटतं, भांडण लागलंय. पण या गावातसुद्धा माझ्या मामेसासऱ्यांच्या रागाला जोड सापडणार नाही. बाकीच्यांचे राग माणसांवर असतात, आणि माणसं कधी ना कधी माफी मागतात, गाव सोडतात किंवा मरतात. मामेसासऱ्यांचा राग कपावर आहे. चहाच्या नव्हे, पाककृतीतल्या. ‘एक कप मैदा, पाऊण कप साखर, अर्धा कप लोणी’ असं कुठं छापलेलं दिसलं किंवा कुणी मोबाईलवर बोलताना ऐकू आलं, की त्यांच्या कानाच्या पाळ्या आधी लाल होतात, मग चष्मा खाली येतो आणि मग प्रश्न येतो, “कुणाचा कप?” या प्रश्नाला आजवर कुणीही समाधानकारक उत्तर दिलेलं नाही.

मामा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. तेहतीस वर्षं त्यांनी जिल्ह्यातले तराजू तपासले, वजनांच्या बुडातलं शिसं उकरलं, लिटरच्या मापांचे पोचे शोधले आणि जे बरोबर निघालं त्यावर हातोडीनं शिक्का मारला. दुसऱ्याच्या तराजूत वाकून बघायच्या सवयीनं त्यांची मान जी डावीकडे कलली, ती निवृत्तीनंतरही सरळ झाली नाही. कळंब्याला त्यांचं छोटं घर आहे. घरात देवांचे फोटो कमी आणि मोजायची साधनं जास्त. माझ्या लग्नात सगळ्या नातेवाइकांनी आम्हाला भिंतीवरची घड्याळं दिली, मामांनी स्वयंपाकघरातला इलेक्ट्रिक काटा दिला, आणि त्या काट्यावर विश्वास ठेवू नये म्हणून सोबत एक किलोचं पितळी वजनही दिलं. माझी मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात तिचं वजन झालेलं असताना त्यांनी घरी आल्यावर पुन्हा केलं आणि चाळीस ग्रॅमची तफावत निघाल्यावर बाळाकडे असं काही बघितलं, की मला क्षणभर वाटलं तिला नोटीस निघणार.

पाककृतीचं कुठलंही पुस्तक त्यांच्या हाती पडू नये याची आम्ही सगळे काळजी घेतो. ‘चवीपुरतं मीठ’ हे शब्द ते आरोपपत्र वाचावं तसे वाचतात. कुणाच्या चवीपुरतं, हा त्यावरचा प्रश्न. पण खरा संताप ‘मावेल तेवढं पीठ’ या शब्दांवर. “म्हणजे किती हे आता पिठानं ठरवायचं,” ते म्हणतात, “आणि आपण उभं राहून बघायचं.” मला त्यांचं म्हणणं पटतं, हीच मोठी अडचण आहे. चुकीचं बोलणाऱ्या रागीट माणसाकडे दुर्लक्ष करता येतं. बरोबर बोलणारा रागीट माणूस नातेवाईक म्हणून मिळाला तर त्याच्यासोबत प्रत्येक ठिकाणी लाज वाटून घ्यावी लागते.

एकदा संध्याकाळी ते मला दुधाच्या कट्ट्यावर घेऊन गेले. आमच्याकडे म्हशी रस्त्यातच उभ्या असतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळलेला पेला तसाच हातात देतात. तालमीतून आलेली पोरं तो फेस मिशीसारखा ओठावर मिरवत दूध पितात. मामांनी पेला घेतला, ओट्यावर ठेवला आणि ते घड्याळ बघत थांबले. फेस बसायला बराच वेळ लागला. मग त्यांनी खिशातून पट्टी काढून पेल्यात उरलेल्या जागेची खोली मोजली आणि तेवढं दूध वर घालून मागितलं. दूधवाल्यानं शांतपणे ऐकून घेतलं. “सायब,” तो म्हणाला, “फेस पायजे म्हणून लोक हितं येत्यात. नुस्तं दूध पिशवीत मिळतंय की.” भोवतालची माणसं हसली. मामा मात्र परतीच्या वाटेवर एकच वाक्य पुनःपुन्हा बोलत होते, की हवा विकायला परवाना कुणी दिला.

दुसरा प्रसंग माझ्या बायकोमुळे घडला. कळंब्यातच एका बाईंनी केक-बिस्किटांचा वर्ग काढला होता. बाईंच्या एप्रनवर त्यांचं नाव भरतकामात होतं, भिंतीवर चार दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र सोनेरी चौकटीत होतं, आणि अंडं फोडण्यापूर्वी त्या पाच मिनिटं अंड्याविषयी बोलत असत. बायको पहिल्या दिवशी एक तक्ता घेऊन आली. ग्रॅममध्ये लिहिलेली कृती कपात कशी बदलायची, याचा तक्ता. त्यात मैदा, साखर, लोणी, कोको, ओट्स सगळ्यांच्या पुढे एकच लिहिलं होतं : दोनशे पन्नास ग्रॅम म्हणजे एक कप. तो तक्ता फ्रिजवर चिकटवण्याची चूक तिनं केली आणि त्याच आठवड्यात मामा आमच्याकडे जेवायला आले.

दुसऱ्या दिवशी मामा वर्गात हजर. मी सोबत होतो, कारण बायकोनं मला त्यांना आवरायला पाठवलं होतं, जणू ते कुणाला जमलं असतं. मामांनी पिशवीतून एक डबा कापूस आणि एक डबा लोखंडाचा कीस काढला, बाईंच्याच कपानं दोन्ही मोजले आणि काट्यावर ठेवले. बाई म्हणाल्या की हा बेकिंगचा वर्ग आहे, इथं कुणी कापूस खात नाही. मग मामांनी मैदा घेतला. चाळून भरलेला कप एका वजनाचा निघाला, न चाळता पिशवीतून उपसलेला दुसऱ्या, आणि ओट्यावर आपटून भरलेला तिसऱ्याच. अडीचशेच्या जवळपासही कुणी फिरकलं नाही. “बाई,” ते म्हणाले, “आकारमान वेगळं, वजन वेगळं. मैदा कपात कसा बसलाय ते मैद्याला विचारायला लागतं. तुम्ही तर सगळ्यांना एकाच दोरीनं बांधलंय.” वर्गातल्या बायकांनी वह्या मिटल्या. बायकोची फी परत मिळाली आणि वर्गाचं दार आमच्यासाठी कायमचं बंद झालं.

नोकरीतला एक प्रसंग ते मोठ्या अभिमानानं सांगत. शाहूवाडीकडच्या एका आठवडी बाजारात एक म्हातारी लाकडी मापानं तांदूळ विकत होती. माप बिनशिक्क्याचं. शिवाय ती प्रत्येक माप शिगेनं भरायची, म्हणजे काठावर तांदळाचा डोंगर उभा राहीपर्यंत. मामांनी तिला बजावलं की माप काठाशी सपाट करायचं असतं, आणि हातातली पट्टी फिरवून शीग पाडून दाखवली. म्हातारी त्या खाली सांडलेल्या तांदळाकडे बघून म्हणाली, “सायब, शीग काढलासा, मग मापात ऱ्हायलं काय?” मामांनी माप जप्त केलं. हे सांगताना ते हसायचे. गिऱ्हाइकाला जास्त देणारीलाही कायदा सोडत नाही, हा त्यातला त्यांचा अभिमान. मला या गोष्टीचा दर वेळी राग यायचा, पण मामेसासऱ्यांना तोंडावर बोलायची आमच्यात पद्धत नाही.

इतक्या कडक माणसाच्या घरात, त्याच्या नाकासमोर, चाळीस वर्षं एक बिनशिक्क्याचं माप राजरोस चालू होतं. ती मामींची वाटी. स्टीलची, काठाला एका जागी चेपलेली, बुडाशी मशीननं ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं ‘मावशीकडून सप्रेम भेट’. लग्नात मिळालेली. मामी सगळा संसार त्या वाटीनं मोजत. घरगुती मापांना कायद्यात सूट आहे, असं मामा म्हणत. माझ्या मते मामींसमोर बोलायची छाती नव्हती एवढाच त्याचा अर्थ. मामी शिवाजी पेठेतल्या. त्यांचा आवाज एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायला वाढलेला, कळंब्याच्या घरात तो मावत नसे.

मामींची नानकटाई आमच्या सगळ्या गोतावळ्यात प्रसिद्ध. दिवाळीच्या आधी मामी मैदा, तूप आणि पिठीसाखर घरी त्या वाटीनं मोजून डब्यांत भरत आणि माहेरच्या पेठेतल्या बेकरीत घेऊन जात. तशी पद्धतच आहे आमच्याकडे. साहित्य आपलं, मळणं आणि भट्टी बेकरीवाल्याची. रांगेतल्या सगळ्यांचे डबे बेकरीवाला काट्यावर ठेवून बघायचा, मैद्याला तूप पुरेसं आहे का ते. मामींचे डबे आले की काटा बाजूला सरकवायचा. “काकींचं काय बघायचं,” म्हणायचा. हे मामांना आवडत नसे, पण नानकटाई आवडत असे, आणि या दोन गोष्टींचा हिशेब त्यांनी कधी जुळवला नाही.

गेल्या श्रावणात मामींना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. बोलणं शाबूत राहिलं, पण ते वापरायचंच मामींनी सोडून दिलं. पेठेचा तो आवाज गप्प झाला. विचारलं तर हं म्हणत, नाहीतर खिडकीशी बसून राहत. मामांचा राग दुप्पट झाला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं हात थोडा थोडा हलवत राहा असं सांगितलं, तर थोडा म्हणजे किती अंश, म्हणून तिच्याशी भांडले. दुकानातून शाळकरी कोनमापक आणला आणि रोज सकाळी मामींचं कोपर किती वळतं ते कॅलेंडरवर लिहू लागले. आकडा महिनाभर जागचा हलला नाही. मामा कॅलेंडरवर चिडले.

अशात दिवाळी जवळ आली आणि त्यांच्या मुलीचा फोन आला. ती परदेशात असते. मी समोरच बसलो होतो. आईची नानकटाई यंदा मी इथं करते, म्हणाली, पण इथं माझ्याकडे काटा नाही, तेव्हा बाबा, ग्रॅममध्ये नको, कपात सांगा. एरवी या वाक्यावर परदेशापर्यंत ऐकू जाईल असा भडका उडाला असता. मामा नुसते “बघतो” म्हणाले आणि फोन ठेवून त्या वाटीकडे बघत बसले. कपाचा प्रश्न पुढचा होता. मुळात मामींच्या नानकटाईचं वजनच कुठं लिहिलेलं नव्हतं. ते होतं त्या हातात, आणि हात मांडीवर पडून होता. आत्ता नाही धरलं तर ती नानकटाई गेलीच, हे त्यांच्या ध्यानात आलेलं मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मदतीला बोलावलं. मामी खिडकीशी, आणि तीन हातांवर टेबलाशी हा सरकारी कारभार. वाटीत पाणी भरून तिचं आकारमान काढलं. चेपलेल्या जागेसाठी वेगळी नोंद केली. मग मैदा भरून, पट्टी फिरवून, काठाशी कापल्यासारखा सपाट करून वजन केलं. अठ्ठ्याऐंशी ग्रॅम. पुन्हा केलं, पुन्हा अठ्ठ्याऐंशी. कित्येक महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. बारा वाट्या मैदा, पाच तूप, सहा पिठीसाखर, एवढं सगळ्यांना पाठ होतं. गुणाकार झाले, पुड्या बांधल्या, तूप डब्यात भरलं, पुड्यांवर आकडे पडले. आणि एवढ्या वेळात त्या माणसानं, हे सगळं जिचं, तिला एक शब्द विचारला नाही. त्यांच्यावर मी आयुष्यात इतका कधी चिडलो नव्हतो. तरीही पट्टी धरायला मीच होतो, हेही खरं.

बेकरीत डबा-डब्यांची रांग होती. बेकरीवाल्यानं पुड्यांवरचे आकडे वाचले, मामींची चौकशी केली आणि काकींचंच माप म्हणून सगळं तसंच मळायला घेतलं. तासाभरानं त्यानं आम्हाला आत बोलावलं. ट्रेमध्ये एकही नानकटाई नव्हती. गोळे वितळून एकमेकांत गेले होते आणि ट्रेच्या मापाची एकच तांबूस चादर पसरली होती. “सायब,” तो म्हणाला, “ही भाकरी झाली की.” रांगेतल्या दोघीतिघी बघायला आल्या. एकीनं वड्या पाडायचा सल्ला दिला. मामा आधी भट्टीच्या उष्णतेवर घसरले, मग बेकरीच्या ट्रेवर, मग तुपावर. तूप तुमचंच हाय, असं बेकरीवाल्यानं आठवण करून दिल्यावर त्यांच्याकडे रागवायला कुणी उरलं नाही. ती चादर वर्तमानपत्रात गुंडाळून आम्ही घरी आलो.

मामांनी ती मामींपुढे ठेवली. मामींनी डाव्या हातानं एक कोपरा मोडला, तोंडात टाकला, सावकाश चावला. मग मामांकडे बघितलं.

“वाटी सपाट केलासा न्हवं?”

मामा म्हणाले, माप सपाटच धरतात, नियमच आहे तो.

“मैद्याला शीग लागती,” मामी म्हणाल्या. “साखर सपाट. तूप काठाला बोटभर कमी.” हळूहळू बोलत होत्या, पण आवाज वर चढत होता आणि तो आवाज मी ओळखला. “साऱ्या जिल्ह्याची मापं बघितलासा. माझा हात एकदा बी बघितला न्हाईसा. आता ह्यो गेला, तवा मोजाय बसलासा? अन् मी हितं बसलेली, मला इचाराय त्वांड नव्हतं व्हय?”

मामांना कुणी असं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण चष्मा खाली आला नाही. मग म्हणाले, “ती शाहूवाडीची म्हातारी पण हेच म्हणाली होती.” कोण म्हातारी, हे मामींनी विचारलं नाही. चाळीस वर्षं ऐकत होत्या.

मग मामांनी मैद्याचा डबा मामींच्या मांडीशी आणून ठेवला आणि वाटी त्यांच्या डाव्या हातात दिली. मामींनी वाटी डब्यात खुपसली. मैदा पदरावर सांडला, पण वाटी बाहेर आली ती शिगेनं भरून. मामांनी ती दोन्ही हातांनी झेलली आणि काट्यावर ठेवली. एकशे बारा. दुसरी एकशे एकोणीस. तिसरी एकशे पंधरा.

“तिन्ही वेगळी आली,” मामा म्हणाले.

“मग तिन्ही घाला,” मामी म्हणाल्या. “नानकटाई तिन्हींची मिळून हुती.”

चौथ्या वाटीपर्यंत मामांनी आकडे लिहिले. पाचव्याच्या वेळी पेन्सिल खाली पडली आणि ती त्यांनी उचलली नाही. कुणी हात लावला नाही की तो काटा थोड्या वेळानं आपोआप बंद होतो. तसा तो झाला, आणि हे जिल्ह्यात सगळ्यात आधी ज्याच्या ध्यानात यायला हवं तो माणूस वाटी झेलत होता, दुसऱ्या डब्यात रिकामी करत होता आणि पुन्हा मामींच्या हातात देत होता. सहाव्या वाटीला मामींनी त्यांना हळू धरायला सांगितलं, नवव्याला धसमुसळे म्हणाल्या. बारा होईपर्यंत पेठेचा आवाज घरभर झाला होता.

बेकरीवाल्यानं या वेळी पुड्यांऐवजी डबे बघितले आणि काटा बाजूला सरकवला. नानकटाई फुलली, वर बारीक तडे गेले, तोंडात विरघळली. मामा बेकरीतच उभ्यानं एक खाऊन “थोडी गोड आहे” म्हणाले. थोडी म्हणजे किती, हे मी विचारलं नाही.

मुलीला निरोप मीच टाईप केला, मामांनी सांगितला तसा. मैदा बारा वाट्या, शिगेच्या. साखर सहा, सपाट. तूप पाच, बोटभर कमी. तिचा लगेच उलट फोन आला. कुठली वाटी, कुणाचं बोट, आणि बाबा, ‘कुणाचा कप’ विचारणारे तुम्हीच ना ते, काटा मागवते पण मला नीट ग्रॅममध्ये सांगा. मामा तिच्यावर असे भडकले, की मामी खिडकीतून वळून बघायला लागल्या. “ग्रॅम काय विचारतेस?” ते ओरडले. “आईचा हात बघायला ये.” ती मे महिन्यात येणार आहे.

परवा मी कळंब्याला गेलो होतो. कोपराचा आकडा दोन अंशांनी पुढे सरकला आहे, आणि दोन अंश फारच कमी म्हणून मामा कॅलेंडरवर खवळलेले होते. मामी त्यांच्यावर खवळल्या होत्या. मी पाणी प्यायला आत गेलो. ओट्यावर ती वाटी पालथी घातलेली होती. बुडाशी मावशींच्या ठिपक्यांच्या नावाखाली कुणीतरी खिळा आणि हातोडीनं नवं काहीतरी ठोकलं होतं. मामांचा नोकरीतला निरीक्षक क्रमांक, आणि त्यापुढे या सालाचे शेवटचे दोन आकडे. निवृत्त माणसानं, घरगुती मापावर, शीग भरणाऱ्या बाईच्या वाटीला शिक्का मारलेला. यात किती नियम मोडले याची यादी मामांनीच मला तोंडपाठ म्हणून दाखवली असती.

शिक्क्याची मुदत ठरावीक असते. ती संपली की माप पुन्हा तपासावं लागतं आणि जुन्या शिक्क्याशेजारी नवा मारावा लागतो, हे त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की मी झोपेतही सांगेन. मी वाटी उजेडात धरून पाहिली. सालाचे आकडे त्यांनी बुडाच्या अगदी कडेला, दाटीवाटीनं ठोकले होते. शेजारी पुढच्या शिक्क्यांसाठी भरपूर जागा मोकळी सोडली होती.